घरातली करंगळी

आम्ही करकंब सोडलं त्या सकाळी छोट्या टेम्पोत पलंग चढला, कपाट चढलं आणि सगळ्यात वर, उलटं बांधलेलं, माझ्या रेवाचं नवं कोरं अभ्यासाचं टेबल. सुनंदा, तू माझी धाकटी जाऊ, भाकरीचं गाठोडं तूच माझ्या हातात दिलंस. रेवा पाच वर्षांची. "आमी सोलापूरला चाललो की!" असं अख्ख्या गल्लीला ओरडून सांगत होती. मला त्या "आमी"ची लाज वाटत होती. ते घालवायलाच तर निघालो होतो. आपल्या सासूबाई टेम्पोच्या फळीला हात लावून म्हणाल्या, "शिकवा लई, पर पोरगीला भेदरट करून आणू नगा." मी हसले. म्हातारं माणूस, काहीही बोलतं, असं वाटलं.

परवा फोनवर तू विचारलंस, "आमीबी येऊ का तितं, पोराच्या साळंसाठी?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आता नीट लिहिते. वाचून माझी किळस आली तर येऊ दे, मलाही येते.

जुळे सोलापूर नावाच्या भागातल्या आमच्या फ्लॅटपासून शाळा रिक्षाने दहा मिनिटं. गेटापाशी कारंजं, वर्गात एसी, आणि मराठी बोलायला बंदी. एकदा रेवाने करंगळी वर केली आणि म्हणाली, "बाई, जाऊ?" बाई म्हणाल्या, इंग्लिशमध्ये पूर्ण वाक्य बोल, मग जा. पोरीला वाक्य आलं नाही. शाळा सुटेपर्यंत ती ओल्या चड्डीत बसून राहिली. मी भांडायला गेले तर मोठ्या मॅडम गोड हसल्या. "डिसिप्लिन आहे मॅम." त्या हसण्याचीच मला शिसारी आली. त्याच आठवड्यात नाव काढलं आणि तिला घरीच शिकवायचं ठरवलं.

मग अभ्यासक्रम निवडायला बसले. लग्नाचा बस्ता बरा गं. इथे एकेक जण मोबाइलवरून आपला माल उलगडत होता: राज्याचं बोर्ड, केंद्राचं बोर्ड, परदेशी बोर्ड, खेळातून शिक्षण, निसर्गातून शिक्षण. व्हिडिओ कॉलवर एक टाय लावलेला मुलगा म्हणाला, "मॅम, तुमची मुलगी ऑलरेडी लेट आहे." नुकती सहाची झालेली पोर! घरी शिकवणाऱ्या आयांचा ग्रुप होता, तिथे आणखी वेगळी घाण. कोणाचा चार वर्षांचा कोडिंग करतो, कोणाची जर्मन बोलते. मुलांचे फोटो टाकतात ते बाजारात म्हैस उभी केल्यासारखे. नाकं मुरडत मी रोज वाचायचे, आणि शेवटी त्यांनीच सांगितलेलं अभ्यासाच्या सामानाचं महागडं खोकं मागवलं.

त्यात 'शेत' नावाचा धडा होता. गुलाबी डुकरं, सफरचंदाची झाडं. ऊस नाही, ज्वारी नाही. सोबत एक पिशवी, तीत स्वच्छ केलेली माती, मुलांनी हात घालून बघायची. करकंबच्या पोरीला मी मातीचं पाकीट विकत आणलं. थू! पण फेकलं नाही. मांडून ठेवलं.

रेवाचे बाबा ऑफिसला गेले की आमची शाळा भरायची. फ्रिजवर वेळापत्रक. चमच्याने ताट वाजवून घंटा. आधीच्या शाळेचा युनिफॉर्मही घालायला लावायचे, नाहीतर अभ्यासाचा मूड येत नाही म्हणून. ती मला "मॅम" म्हणायला लागली. खरं सांगते, मला ते आवडलं.

एका सकाळी वजाबाकी चालली होती. रेवा उठली, पाय आवळून उभी राहिली, करंगळी वर. "मॅम, गो?" आणि माझ्या तोंडून निघालं, "फुल सेंटेन्स, रेवा."

संडासाचं दार तिच्यापासून चार पावलांवर होतं. उघडंच होतं. ती ओठ हलवत वाक्य जुळवत राहिली, आणि फरशीवर ओघळ आला. मी काही बोलायच्या आत ती खाली बसून युनिफॉर्मच्या स्कर्टनेच पुसायला लागली. "सॉरी मॅम, सॉरी मॅम."

शाळेतल्या त्या बाईंची मला आली नव्हती एवढी शिसारी त्या दिवशी माझी मला आली. त्या निदान परक्या होत्या. मी तिला आंघोळ घातली, युनिफॉर्मचं फडकं केलं, खोकं माळ्यावर टाकलं. पाकिटातली माती तुळशीत ओतली. पण करंगळी काही खाली येईना. दिवाळीला गावी आलो तेव्हा तिने सासूबाईंपुढेही ती धरली, स्वतःच्या आजीपुढे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तिची करंगळी मुठीत धरून तिला परसात घेऊन गेल्या.

तेव्हापासून अभ्यासक्रम म्हणून एकही पुस्तक मी विकत घेतलेलं नाही. भाजी तोलताना बेरीज होते, दुकानांच्या पाट्या वाचतो, दुपारी गोष्ट. उद्या परीक्षेचं काय करायचं मला माहीत नाही, धास्ती आहेच. तेव्हा शाळा कुठली, बोर्ड कुठलं हे मला विचारू नकोस. मी सांगायच्या लायकीची नाही.

इतके दिवस कोणी विचारलं की मी म्हणायचे, घर करकंबला, इथे शाळेपुरते राहतो. काल गोष्ट ऐन रंगात आली होती. रेवा मध्येच उठली, काही न विचारता धावत गेली, दार धाडकन आपटलं. आतून ओरडली, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी, "आई, फुडं वाचू नगंस, मी आले की!"

मी पुस्तकात बोट ठेवून थांबले. सुनंदा, सासूबाईंना सांग, आता आमचं सोलापुरातही घर आहे.