हरलेल्या सामन्यातला ह्यांचा आवाज

"आवाज वाचवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "जीव वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघं त्यांच्या टेबलासमोर बसलो होतो. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लॅरिंजिअल कार्सिनोमा झाला होता. म्हणजे स्वरयंत्राचा कॅन्सर. उन्हाळाभर आवाज बसला होता आणि मी हळदीचं दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या असा मारा चालवला होता. टीव्हीसमोर एवढं ओरडल्यावर दुसरं काय होणार, असं वर ऐकवतही होते. तुमच्या घरी कुणाचा आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर ज्येष्ठमध बाजूला ठेवा आणि घशाच्या डॉक्टरांकडे जा.

उपाय एकच होता, टोटल लॅरिंजेक्टॉमी. स्वरयंत्र पूर्ण काढायचं आणि श्वास घेण्यासाठी गळ्याला पुढून कायमचं भोक ठेवायचं. त्या भोकाला स्टोमा म्हणतात. त्यानंतर स्वतःच्या आवाजात बोलणं नाही.

घोगऱ्या आवाजात ह्यांनी विचारलं, "एक आठवडा थांबता येईल का? आमची टीम वर्ल्ड सिरीजमध्ये आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक आठवडा देतो. त्याहून जास्त नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांचं बेसबॉलचं वेड आमच्या लग्नापेक्षा जुनं. एम.एस. करायला आले तेव्हा घरमालकिणीच्या रेडिओवर इंग्रजी समजून घेता घेता हे वेड लागलं, ते लागलंच. पण वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, स्टेडियममध्ये बसून बघणं कधी जमलं नव्हतं. त्या वर्षी ऑफिसातल्या साहेबांना ह्यांच्या आजाराचं कळलं आणि त्यांनी स्वतःची दोन तिकिटं पुढे केली. माणसाचा आवाज जातोय आणि तो तिकिटं बघून खुलतोय, हे मला सहन होत नव्हतं.

मला वेगळंच हवं होतं. तेव्हा भारतात फोन लावणं परवडायचं नाही, म्हणून आम्ही कॅसेट भरून, जो कुणी जात असेल त्याच्या हाती पाठवायचो. ह्यांनी तशी एक कॅसेट भरावी, मिरजेला सासूबाईंसाठी बोलावं, आमच्या लेकीसाठी, शुभासाठी बोलावं, एवढंच मागणं होतं. डायनिंग टेबलावर रेकॉर्डर ठेवून त्यांना समोर बसवलं. हे ताठ बसले, खाकरले आणि म्हणाले, "आज सोमवार. हवा छान आहे. आम्ही सर्व मजेत." आणि बटण बंद केलं.

"अगं, मला नाही जमत असं. बोलायला समोर माणूस लागतं."

शुभा कॉलेजातून घरी आली होती. ती म्हणाली, "आई, लेट हिम बी. ही वॉन्ट्स द गेम. लेट हिम हॅव इट."

तो आठवडा तपासण्यांत गेला. रक्त, छातीचा एक्स-रे, सीटी स्कॅन, म्हणजे शरीराचे आतले काप दाखवणारा एक्स-रे. वेटिंग रूममध्ये हे शेजारच्या अनोळखी माणसाशी पिचरबद्दल, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याबद्दल, बोलत बसायचे. मी मासिकाचं एकच पान धरून बसायचे. एवढा मोलाचा आवाज कुणावरही उधळला जातोय, असं वाटून मला रडू यायचं.

रविवारी नदी ओलांडून आम्ही स्टेडियमवर गेलो. मी रेकॉर्डर पर्समध्ये घेतला होता. तो मांडीवर काढून ठेवल्यावर हे हसले. "तू काही सोडणार नाहीस!"

"तुम्ही बोला," मी म्हटलं. "मी माणूस आहे ना समोर?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना बेसबॉलबद्दल प्रश्न विचारले. तो का पळाला, हा का नाही पळाला, सगळे एकदम का चिडले. हे माझ्या कानाशी वाकून एकेक समजावून सांगत राहिले. घसा दुखत असणार, पण थांबले नाहीत. मी कॅसेटची बाजू बदलत होते. शेवटच्या डावात आमच्या खेळाडूनं चेंडू उंच मारला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं, हेही उभे राहिले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले. चेंडू झेलला गेला. आम्ही हरलो.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. हे आयसीयूत होते, नाकात नळी, गळ्याला बँडेज. मी बाहेरच्या खुर्चीत बसून इअरफोन लावून कॅसेट ऐकली. सुरुवातीपासून नुसता गलका. माझा प्रश्न ऐकू येतो, ह्यांचं उत्तर लोकांच्या ओरडण्यात बुडून जातं. शेंगदाणे विकणाऱ्याचा आवाज स्पष्ट, ह्यांचा नाही. ती शेवटची आरोळीसुद्धा हजारो आरोळ्यांत कुठे गेली ते कळत नाही. मी तिथेच पदर तोंडाशी धरून रडले.

मग कॅसेटवर सगळं शांत झालं. हरल्यावर एवढी माणसं एकाच वेळी गप्प झाली होती. आणि त्या शांततेत हे बोलले. घोगरा, दमलेला, पण शब्दन् शब्द कळणारा आवाज.

"हरलो गं. बस जरा, गर्दी ओसरू दे. शाल घे, गार आहे. तू आलीस, मला फार बरं वाटलं. पुढच्या वर्षी बघू."

हे वॉर्डात आल्यावर मी सांगितलं, "बरं झालं तुमची टीम हरली." आणि का ते सांगितलं. लिहून बोलण्यासाठी त्यांना लहान मुलांची पाटी दिली होती. त्यांनी त्यावर लिहिलं, 'फितूर!' आणि खांदे हलवत हसले. हसण्याला आवाज नव्हता. आवाज गेल्याचा खरा धक्का मला त्या दिवशी बसला.

कॅन्सर दोन वर्षांनी परत आला आणि हे गेले. तुमच्यावर अशी वेळ आली, तर आपल्या माणसाला रेकॉर्डरसमोर बसवू नका. त्याला आवडतं तिथे घेऊन जा आणि शेजारी बसून प्रश्न विचारा. चिडून वाया घालवलेला माझा आठवडा मला परत मिळणार नाही, पण तुमचा वाचेल.

फायनल मी आता एकटी बघते. यजमान टीम हरते तेव्हा अख्खं स्टेडियम गप्प होतं, माणसं उठायला तयार नसतात. शुभा म्हणते, "आई, इट्स ओव्हर." मी टीव्हीचा आवाज वाढवते. तिथेही कुणीतरी कुणाशी बोलत असणार.