रहाटावरचं घरटं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. आधी सरळ सांगतो : टँकरच्या ठेकेदाराने गावाला फसवलं आणि माझ्या वरिष्ठांनी मला.

लातूर जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि औशाकडची गावं कोरडी पडली होती. मी त्या भागात फौजदार होतो. एका गावातल्या बाया टँकर जाळणार, अशी खबर आली. खबर देणारा ठेकेदाराचाच ड्रायव्हर. तरी साहेबांनी शहानिशा न करता जमावबंदीचा आदेश काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाया रस्त्यावर आल्या. काडेपेटी एकीजवळही नव्हती. रिकाम्या घागरी पालथ्या घालून गप्प बसल्या. पुढे बौद्ध वस्तीतली एक म्हातारी.

"मावशी, उठा. आठवड्यात पाणी आणतो," मी सौदा टाकला.

"पाणी आदी, उठणं मागून."

"जमावबंदी आहे. पाच जणी जमल्या की गुन्हा."

"मंग पाणी शेंदाया चौघीच जाव का? निजामाच्या टायमाला बी सभेला परवानगी लागायची. तुमची टोपी तेवढी बदलली बगा."

बाया हसल्या. मी भडकलो आणि सगळ्यांना ठाण्यात आणलं. जामिनाचा कागद पुढे केला, तर म्हातारीने हात पदराखाली घेतला.

"चोरी केली न्हाई, तर जामीन कशापायी? पाणी ज्यानं चोरलं त्याला बशिवा हितं."

मग मी ड्रायव्हरला समोर घेतलं.

"टँकर कुठे रिकामा करतोस?"

"गावच्या हिरीत, साहेब. तितनं बाया रहाटानं शेंदतेत."

"रोज?"

"आईच्यान, रोज."

त्याला जीपमध्ये घालून विहिरीवर नेलं. तळाचा गाळ तडकला होता. रहाटाच्या चाकात होल्याने काड्यांचं घरटं केलं होतं आणि आत अंडी होती.

"हे चाक आज फिरलं का रे?"

पाणी ठेकेदाराच्या द्राक्षबागेत जात होतं, हे त्याने तिथेच कबूल केलं.

मी पंच बोलावले, साहेबांनाही आणून घरटं दाखवलं. तिथेच बोली केली : बायांना सोडा, ठेकेदारावर फसवणुकीचा गुन्हा घ्या, तपासाचं श्रेय तुमचं. "ठरलं," म्हणाले आणि हातात हात दिला.

महिन्याभरात माझी बदली नांदेडकडे, उमरीला. खटला उभा राहिला तो बायांवरच, आदेश मोडल्याचा. म्हातारीने दंड भरला नाही, ती तुरुंगात गेली. ठेकेदाराचे टँकर पुढच्या उन्हाळ्यातही चालू होते.

मी एवढंच शिकलो. दगड मारणाऱ्याला आवरायला लाठी पुरते. गप्प बसलेल्या माणसाला गोरे घाबरले, म्हणून त्यांनी ही कलमं केली. आम्ही ती घासूनपुसून आपल्याच बायांवर चालवली.

साहेब, तुम्ही हयात आहात. घरटं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. माझी बदली राहू द्या. ती म्हातारी कोणत्या गुन्ह्यासाठी आत गेली, त्याचं उत्तर द्या.