दिग्याला न दाखवलेली बोट

"अय्या, या फ्रीजमध्ये आठवड्याचं दूध सहज मावेल हो!" सुनंदावहिनी म्हणाल्या आणि दार उघडं धरून उभ्याच राहिल्या.

मी पालथा पडून, बोटीच्या तळाची फळी उचलून टॉर्चने आत बघत होतो. वहिनींचे यजमान, म्हणजे माझा जुना मित्र दिग्या, समोरच्या पांढऱ्या सोफ्यावर पाय पसरून बसला होता. मुंबईला बंदराजवळ बोट शो भरला होता. दिग्याला यॉट हवी होती. समुद्र ओलांडून जाईल अशी, आणि नुसती फिरायला नाही, राहायला. आमच्या धंद्यात तिला लिव्ह-अबोर्ड म्हणतात. घराला कुलूप लावायचं आणि बोटीवर संसार मांडायचा. मी मरीन सर्व्हेअर. बोट धड आहे की नाही ते तपासून लिहून देणं हे माझं काम. एरवी करंजाला ट्रॉलर तपासायचो, माशांच्या वासात. त्या दिवशी मात्र नवीन पनवेलहून दिग्याच्या नव्या कोऱ्या एसी गाडीतून आलो होतो. त्याने एसीची हवा मुद्दाम माझ्याकडे वळवली होती. मला तेसुद्धा खुपलं.

खरं सांगून टाकतो, मी जळत होतो. चांगला जळत होतो. तरुणपणी आम्ही दोघं एकाच जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर होतो. बोटीवर राहून जग फिरायचं हे वेड माझं. मी कागदांच्या पाठीमागे तिची चित्रं काढायचो आणि हा खो खो हसायचा. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला आणि मी नोकरी सोडून घरी आलो, तो कायमचाच. दिग्या चीफ इंजिनिअर होऊन रिटायर झाला, आणि एक दिवस माझ्याच घरी, माझाच चहा पीत म्हणतो, "विन्या, एक भन्नाट आयडिया आहे. बोटीवर राहायचं!" भन्नाट आयडिया म्हणे! माझी आयडिया, मलाच सांगत होता.

वहिनींची एक अट होती. या शोमध्ये बोट ठरली तर ठरली. नाही ठरली तर नवीन पनवेलला बंगला बांधायचा आणि बोटीचा विषय पुन्हा काढायचा नाही. दिग्याने कबूल केलं होतं, त्यामुळे जे काय होणार ते त्याच दिवशी.

"बोल, कशी आहे?" दिग्याने विचारलं.

"बंदरात उभी करून पार्ट्या द्यायला झकास."

"आणि समुद्रात?"

"हिची कील बघितलीस? चार बोल्टांवर लटकलीय." कील म्हणजे बोटीच्या पोटाखालचा वजनदार भाग. वाऱ्याने बोट कलंडली की तोच तिला पुन्हा उभी करतो. "आणि वहिनी, बोट कलली की हे फ्रीजचं दार उघडणार. दूध तुमच्या पायावर आणि तुम्ही त्या भिंतीवर. धरायला इथे एक कडीसुद्धा नाही."

वहिनींनी फ्रीज पटकन बंद केला. इथपर्यंत मी शंभर टक्के खरा होतो.

मग ती दोघं चहा प्यायला गेली आणि मी पुढच्या बोटी बघत निघालो. अगदी शेवटी, लाकडी टेकूंवर, एक जुनी बोट उभी होती. रंग उडालेला, जवळ कुणी फिरकत नव्हतं. राखणीला करंजाचा पांडू नाखवा होता. ट्रॉलरच्या कामांमुळे आमची ओळख होती.

"सायेब, ही बघा. बोट घट हाय. पान्याला घाबरत नाय," तो म्हणाला.

मी छोटी हातोडी काढून ठोकत गेलो. फायबर आत कुजलं असेल तर आवाज भद्द येतो. ही पुढून मागून टणटणीत. कील अंगातूनच ओतलेली, लांब, भक्कम. आत गेलो. झोपायला अरुंद बाक, रात्री माणूस घरंगळू नये म्हणून कडेला फळी. बोट कितीही कलली तरी सपाट राहणारी झुलती शेगडी. हात टाकीन तिथे धरायला दांडा. मी तासभर खोट शोधली. अगदी मनापासून शोधली, कारण मला ती सापडायलाच हवी होती. नाही सापडली. त्या बाकावर जरा बसलो. बायकोला घेऊन इथेच राहिलो असतो मी.

"विन्या! अरे तिकडे काही आहे का?" बाहेरून दिग्याची हाक आली.

मी उडी मारूनच खाली उतरलो. दिग्या बऱ्याच अंतरावर उभा होता, ऊन लागतंय म्हणून डोळ्यांवर हात धरून. शंभर पावलं चालून आला असता तर पांडूने सगळं सांगितलं असतं.

"काही नाही रे, भंगार आहे! चला, जेवून घेऊ," मी ओरडलो.

पांडू माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्याकडे न बघता मी चालू लागलो.

परतताना गाडीत वहिनी बंगल्याच्या खिडक्यांबद्दल बोलत होत्या. वाशीचा पूल आला तसं दिग्याने खिडकीतून खाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी बघायचं का गं एकदा?" वहिनी म्हणाल्या, "आपलं काय ठरलं होतं?" त्याने एसी वाढवला.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, त्यांची बोट ठरली नाही, आणि तुम्ही हसताय काय?"

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट टाइप केला. 'पाहणी केलेल्यांपैकी एकही बोट सागरी प्रवासास योग्य नाही.' शेवटच्या बोटीचा उल्लेखच केला नाही. आमच्या रिपोर्टच्या तळाशी एक ओळ छापलेलीच असते: 'या पाहणीत सर्व्हेअरचा कोणताही वैयक्तिक हितसंबंध नाही.' शेकडो वेळा न वाचता तिच्याखाली सही केली होती. त्या दिवशी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. आणि सही केली.

बंगला झाला. दिग्या त्यात तसा सुखी आहे. गुडघे गेलेत, पण संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतो. कुणी पाहुणा आला की माझ्या पाठीवर थाप मारून सांगतो, "हा विन्या! दुसरा कुणी असता तर कमिशन खाऊन बोट माझ्या गळ्यात मारली असती. यानं रिकाम्या हाताने परत आणलं. असा प्रामाणिक सर्व्हेअर मिळायचा नाही." त्याच्या त्या शिफारशीवर मला पुढे बरीच कामं मिळाली.

त्यातून एवढंच शिकलो, की एखादी बोट मनात भरली तर तिचा सर्व्हे आपण करायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. मी तो नियम आजवर पाळलाय. लोक म्हणतात, बघा, किती तत्त्वाचा माणूस. मी खाली मान घालून चहा पितो.