अकराव्या घरातला ग

नागपुरात गिटार वाजवणारे शेकड्यांनी असतील, पण गिटारवर एकही गाणं वाजवायचं नाही असं ठरवून बसलेला माणूस अख्ख्या शहरात एकच, आणि तो माझा सख्खा आतेभाऊ आहे. वय बासष्ट, इतवारीत भांड्यांचं दुकान. तीन महिने हा गृहस्थ सा रे ग म प ध नी सा एवढंच वाजवत होता. पण गिटारच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सहाही तारांवर, जिथे सापडेल तिथे. "एखादं गाणं बसव की दादा," म्हटलं, तर म्हणे, "गाणं तुही वहिनी म्हणन. मी रस्ता साफ करून राहिलो."

वहिनींचं सांगायला हवं. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरींना गाणं यांनी शिकवलेलं. शिकवणं तरी कसं! स्वतः आत पोळ्या लाटत असायच्या आणि बाहेर पेटीशी बसलेली पोरगी जरा ढळली, की आतून आवाज यायचा, "चुकलं!" रस्त्यावरून जाणाराही दचकायचा. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, शब्द अडतात तिथे कधीकधी सूर आधी निघतो, कानावर सरगम पडू द्या. झालं! नोकरीसाठी बाहेरगावी गेलेल्या मुलाची मागे राहिलेली गिटार दादाने माळ्यावरून काढली. पेटी असताना गिटार कशाला, असं मी विचारलं.

"पेटी तिची हाय गा. तिले मी हात लावत नाही."

"बरं, मग एवढ्या सगळ्या तारांवर कशाला?"

"तिचा आवाज कोण्या दिवशी कोठून निघन, काय सांगता येते? मले सारी घरं माहीत पाहिजेत."

गिटारच्या दांडीवर आडव्या बसवलेल्या दोन पट्ट्यांमधल्या जागेला तो घर म्हणतो. ही घरं काही केल्या त्याच्या ध्यानात राहीनात. तेव्हा त्याने जे केलं ते भांडेवालाच करू जाणे. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायचं मशीन दुकानातून आणलं आणि गिटारच्या दांडीवर, घराघरांत सूर कोरून काढले! मी कपाळावर हात मारला. "काहून घाबरतं? चाळीस वर्षांत एक नाव चुकलं नाही आपलं," तो छाती काढून म्हणाला.

आणि चिकाटी तर अशी की मला माझीच लाज वाटावी. मे महिन्यात, बाप्पा, कूलर बंद! का, तर त्याच्या घरघरीत वहिनींना सूर ऐकू येणार नाहीत. बोटांना घट्टे, बनियन ओलंचिंब, आणि दर खेपेला तेच विचारणं, "पुन्हा वाजवू का वं?" वहिनी खिडकीबाहेर बघत बसायच्या.

एकेक तार पक्की करत करत एका दुपारी तो पहिल्यांदाच सगळ्यात बारीक तारेवर पार वरपर्यंत चढला. रे झाला. ग वाजला.

"चुकलं!"

माझ्या हातातलं पन्हं सांडलं. दादाने कसंबसं विचारलं, "काय म्हटलं वं?"

"चुकलं!" वहिनींनी डोळे वटारले. अगदी पूर्वीसारखे. दादा गिटार छातीशी धरून ढसाढसा रडला, आणि मीही रडलो, लपवत नाही. मग तपासलं, तर बाराव्या घरात हवा तो ग पठ्ठ्याने अकराव्यात कोरून ठेवला होता.

त्यानंतर 'पाणी' आलं, 'बस' आलं, मुलाचं नाव आलं. गाणं अजून आलेलं नाही. मुलाने नवी गिटार पाठवली, ती खोळीतच पडून आहे. "त्याच्यात ते चूक नाही गा," दादा म्हणतो. अजूनही तो रोज तारांवरून चढत चढत अकराव्या घराशी येतो, तो चुकीचा ग वाजवतो आणि थांबतो. कधी तो शब्द येतो, कधी येत नाही. नाही आला, की दादा पुन्हा जाड तारेवर उतरतो आणि सा पासून सुरू करतो. अशा दिवशी मीही घामाने निथळत तिथेच बसून राहतो. कूलर लाव, असं म्हणत नाही.