रडत नाही म्हणून गुणी

तिला सगळे ठिणगी म्हणत. लोखंडी गेट आणि ग्रिलच्या कारखान्यात ती वेल्डिंग करायची, पण नाव पडलं ते जिभेमुळे. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, "घरात तरी शांत राहशील ना?" "दमून आले तर राहीन," ती म्हणाली. तरीही लग्न झालं.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी सोडायच्या आधी नर्स आली. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे होते. सासूबाईंनी दुपट्यासकट नातीला छातीशी धरलं.

"पोर धडधाकट आहे. टोचायचं कशाला?"

"आजी, काही आजार वरून दिसतच नाहीत. दिसायला लागेपर्यंत उशीर होतो."

"टोचा," ठिणगी म्हणाली. बाळापेक्षा सासूबाईच जास्त कळवळल्या.

निघताना नर्सनं बजावलं, "फक्त अंगावरचं दूध. मध चाटवायचा नाही. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. आणि बाळ दुधासाठी उठलं नाही, तर उठवून पाजायचं."

ते उठवणंच जड जाऊ लागलं. तळवे चोळले तरी पोरगी डोळे किलकिले करायची आणि दोन घोट घेऊन पुन्हा झोपायची. शेजारणी कौतुक करत, "किती गुणी बाळ! रडतच नाही." सासूबाई फुलून जायच्या. ठिणगी मात्र बाळाच्या पिवळसर अंगाकडे पाहत राहायची. रडलीच तर आवाज घोगरा.

"गुणी नाही, आई. मला ही थकलेली वाटते."

"चार दिवसांची पोर कशानं थकेल?"

आणि दवाखान्यातून फोन आला. थायरॉइडच्या तपासणीत शंका आहे, लगेच येऊन पुन्हा रक्त द्या.

नवऱ्यानं डोकं खाजवलं. "आई म्हणतेय, जरा थांबू या."

"तू थांब. मी चालले."

टाके अजून ओले होते. तिनं बाळाला गुंडाळलं आणि भिंत धरत जिना उतरली. ती रिक्षात बसेपर्यंत नवरा उलटा शर्ट घालून धावत आला.

शंका खरी निघाली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हिच्या गळ्यातली ग्रंथी पुरेसं काम करत नाही. त्यावर मेंदूची वाढ अवलंबून असते. रोज गोळी चुरून चमचाभर अंगावरच्याच दुधात द्या. वेळेत आलात, पण खाडा करू नका."

हळूहळू पोरीच्या अंगात जीव आला. ठिणगी कामावर रुजू झाली आणि सकाळची गोळी सासूबाईंकडे गेली. पुढच्या तपासणीत मात्र आकडे पुन्हा बिघडलेले. घरी येऊन चप्पलही न काढता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, गोळी देता ना?"

सासूबाई पातेलं घासत राहिल्या. "खेळते, हसते. बऱ्या पोराच्या पोटात औषध कशाला ओतायचं? माझ्या थोरल्याला मी कुठे गोळ्या दिल्या? तोही असाच गुणी होता. रडायचा नाही..."

आणि त्या थांबल्या. थोरले दीर बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसले होते. चाळिशी उलटली तरी त्यांच्या शर्टाची बटणं सासूबाईच लावायच्या.

नळ वाहत होता. ठिणगीनं तो बंद केला.

"भावजींना काय झालं होतं, मला ठाऊक नाही. कुणी तपासलंच नाही, त्यात तुमचा दोष नाही. पण हिला काय झालंय ते ठाऊक आहे. मी तुमच्याशी रोज भांडेन, आई. नोकरी सोडायला लावलीत तर सोडेन. गोळी चुकू देणार नाही."

"नोकरी सोडू नकोस," सासूबाई कशाबशा म्हणाल्या. मग तिथंच पाटावर बसून त्या खूप वेळ रडल्या. ठिणगी शेजारी बसली, पण बोललेला एक शब्दही तिनं मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवरा गोळी चुरायचा आणि सासूबाई भरवायच्या. घोट गिळला की नाही, तोंड उघडून बघायच्या.

पोरगी आता शाळेत जाते. परवा एक शेजारीण आवाज खाली आणून म्हणाली, "मुलीची जात, गोळीचं बाहेर कुणाला सांगू नका हो. उद्या लग्नात अडेल."

ठिणगी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच कडाडल्या, "गल्लीभर सांगणार! तुमच्या सुनेचे दिवस भरत आलेत ना? टाचेचं रक्त तपासल्याशिवाय बाळाला घरी आणलंत, तर दारात मी उभी आहे."