शबानाचं ग्राउट

बोगद्याच्या कामावर माणसं दिवसभर एकाच अंधारात राबतात आणि जेवायलाही एकाच मेसमध्ये बसतात. मग किस्से साचणारच. माझ्याकडच्या बऱ्याच किश्श्यांत शबाना येते, त्याला माझा इलाज नाही.

सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी पाण्याचा बोगदा चालला होता. खडकातल्या भेगांत सिमेंट-पाण्याचं मिश्रण, म्हणजे ग्राउट, पंपाने भरायचं. त्यात काय किती टाकायचं, हे लॅबमध्ये मी एकटा ठरवायचो. शबाना येईपर्यंत.

०००

ती आली ऐन मे महिन्यात. खामगावची, केमिस्ट्रीत एमएस्सी. उन्हामुळे ग्राउट नळीतच आळून येत होतं. पाणी वाढवलं, की सिमेंट खाली बसायचं आणि वर नुसतं पाणी.

"पाणी उलट कमी करू सर," शबाना म्हणाली. "प्लास्टिसायझर टाकू, म्हणजे कमी पाण्यातही पातळ राहील. अन् उशिरा घट्ट व्हावं म्हणून थोडं रिटार्डर."

हे मलाही माहीत होतं. मी कधीचा तेच सांगत होतो, पण ड्रम मागवायला साहेबांची सही मिळत नव्हती. शबानाला ती त्याच दुपारी मिळाली.

"ताकासारखं जाऊन राह्यलं बे," पंपवाला गजू सगळ्यांना सांगत सुटला. माझं ग्राउट कशासारखं जायचं, ते त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

०००

मग आम्ही दोघांनी आपापल्या मिश्रणाचे ठोकळे पाडले. मशीनमध्ये दाबून बघतात, कोणता आधी फुटतो. माझे आधी फुटले.

मी मशीन तपासायला अकोल्याहून माणूस बोलावला. त्याने सगळं उघडून बघितलं.

"मशीन ठीक आहे," तो म्हणाला. "मले काऊन बोलावलं?"

शबाना समोरच होती. मी त्याला बाहेर चहाला नेलं.

०००

एके दुपारी खोदकामाच्या टोकाला भेगेतून पाण्याचा लोट फुटला. माणसं मागे घेतली. भेगेत भरलेलं ग्राउट पाण्याबरोबर वाहून येत होतं.

"सोडियम सिलिकेट टाकू," शबाना म्हणाली. "लगेच घट्ट होईल."

"पंपातच होईल," मी म्हणालो.

साहेब माझ्याकडे बघू लागले.

"दोन नळ्या घ्या," मी म्हणालो. "एकीतून ग्राउट, दुसरीतून सिलिकेट. भेगेच्या तोंडाशीच एकत्र येऊ द्या."

संध्याकाळपर्यंत लोटाची धार झाली, धारेचे थेंब झाले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चिखलाने भरलेल्या शबानाने हेल्मेट काढलं.

"छान झालं, सर."

आवाज कोरडा होता. त्या दिवशी मला जेवण जरा जास्तच गेलं.

०००

दिवाळीआधी खामगावला शर्टाचं कापड घ्यायला गेलो. दुकानदार बोलका होता. कापड मोजता मोजता कुठे असता, काय करता, सगळं विचारलं.

"बोगद्यावर? आमच्या मिसेस बी तिथंच हायेत, लॅबमध्ये. तुमचं नाव?"

"इंगळे."

त्याची कात्री थांबली.

"तुम्हीच का ते इंगळे सर?"

"हो."

"आमच्या घरी दर रविवारी जेवताना तुमचाच विषय असते."

"काय म्हणतात?" मी विचारलं.

त्याने कापड कापलं, घडी घातली, पिशवीत टाकलं. मग शेजारच्या गिऱ्हाइकासाठी चहा मागवला. मला विचारलं नाही.