एकटी तलंग

कोंबडी हा प्राणी मला मनापासून किळसवाणा वाटतो, आणि हे मी गिरिजा घागला पहिल्याच आठवड्यात तोंडावर सांगितलं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर गिरगावातली खोली सोडून मी भाईंदर पूर्वेला तळमजल्याचा फ्लॅट घेतला, तो मागे मोकळी जागा आहे म्हणून. त्या मोकळ्या जागेपलीकडे बैठी चाळ, आणि चाळीच्या शेवटच्या खोलीमागे, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून सहा हातांवर, गिरिजाचं खुराडं. फळ्या, गंजलेली जाळी, वर कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स. ऊन तापलं की तिथला वास थेट माझ्या आमटीत उतरायचा. मी नाकाला पदर लावून फोडणी द्यायची.

गिरिजा संगमेश्वरकडची. नवरा काशीनाथ स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता, संध्याकाळी फक्त डोळे ओळखू येतील इतका काळा होऊन परतायचा. मुलगी ममता लग्न होऊन विरारला गेली होती. आठ-नऊ गावठी कोंबड्या, त्यांची अंडी केबिन रोडच्या दोन-चार घरांत पोहोचवायची, हा गिरिजाचा उद्योग. मीसुद्धा अंडी तिच्याकडूनच घ्यायचे. ती वाटीत शेणासकट आणून ठेवायची, मी तीनदा धुवायचे आणि चवीने खायचे. माणूस किती लबाड असतो याचा पुरावा मला बाहेर शोधावा लागला नाही.

कोंबडी खुडूक बसते म्हणजे काय, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. अंडी घालायचं सोडून ती कोपऱ्यात अंग फुगवून बसते, खाली अंडं असो वा नसो. खात नाही, पीत नाही, हात पुढे केला की चोच मारते, आणि दिवसातून एकदा उठून जी घाण करते तिचं वर्णन मी करणार नाही. पोटाखालची पिसं जातात, लालबुंद कातडी उघडी पडते, अंगावर पिसवा होतात. पिलं काढायची असतील तर ठीक. नाहीतर एकीचं बघून दुसरी बसते. मग गिरिजाचे उपाय सुरू व्हायचे. आधी एक पीस घेऊन कोंबडीच्या नाकपुड्यांतून आरपार ओवायचं. तेवढ्याने उठली नाही तर पाण्यात बुचकळायची. आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं, आणि ही बाई भरल्या बादलीत कोंबडी पोटापर्यंत बुडवून उभी राहायची. नंतर त्याच पाण्याने अंगण धुवायची आणि थेंब वाया घालवला नाही म्हणून मलाच ऐकवायची. शेवटी कोंबडी जाळीच्या क्रेटमध्ये, खालून वारा लागेल अशी विटांवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती भानावर यायची. नाकातून मिशीसारखं पीस बाहेर आलेली ती कोंबडी माझ्या खिडकीकडे बघत असायची, आणि मला घास गिळवत नसे.

दोन हजार चारच्या श्रावणात गिरिजा बसने जाऊन पालीच्या एका ओळखीच्या कोळणीकडून दोन तलंगा घेऊन आली. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. मी कढीपत्ता मागायला गेले होते, तेव्हा आत जे चाललं होतं ते बघून उंबऱ्यातच थांबले. नवी कोंबडी घरात आली की तिला चुलीभोवती तीन फेऱ्या फिरवायची, म्हणजे ती घर सोडत नाही, अशी त्यांच्या गावची रीत. इथे चूल कुठली? शेगडी पाटावर, शेजारी गॅसचा सिलिंडर, मध्ये रबरी नळी. गिरिजाने सिलिंडरलाच चूल मानलं होतं. दोन्ही काखांत एकेक तलंग धरून ती त्याभोवती फिरत होती आणि दर फेरीला नळी ओलांडत होती. एका तलंगेने सिलिंडरवर शिटलंसुद्धा. त्याच शेगडीवर भात शिजत होता.

फेऱ्या झाल्या तरी तलंगा लगेच जुन्या कोंबड्यांत सोडल्या नाहीत. आठ-दहा दिवस त्या जाळीआड, म्हणजे दोन्हीकडच्यांनी एकमेकींना नुसतं बघायचं. मग दिवेलागणीला, जुन्या कोंबड्या दांडीवर बसून पेंगायला लागल्या की हळूच त्यांच्या शेजारी ठेवायच्या. सकाळी दाणे दोन ठिकाणी टाकायचे. आणि एकटी तलंग कधीही सोडायची नाही, जोडीनेच सोडायची, म्हणजे मार वाटून जातो. रक्त दिसलं तर मात्र त्या क्षणी बाहेर काढायची. लाल दिसलं की सगळ्या मिळून डोकं फोडतात. हे सगळं गिरिजाने मला न विचारता सांगितलं. मी म्हटलं, काय नीच जात आहे ही. ती म्हणाली की नीच नाही, त्यांची रीतच तशी असते.

गणपती झाले आणि ममता माहेरी आली ती गेलीच नाही. दीड वर्ष झालं होतं लग्नाला. घरात सासू, दोन थोरल्या जावा, नवरा जितेंद्र. ही दिवसभर खोलीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायची. चाळीतल्या बायकांनी लगेच नाव ठेवलं: घागांची ममता खुडूक बसली. नळावर हसायच्या. गिरिजाला हे लागलं. मुलगी बोलत नाही, खात नाही, आणि परत जा म्हटलं की रडते. काय झालं तेही सांगत नाही. शेवटी ती माझ्याकडे आली. ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही समजवा, म्हणाली.

मी समजावलं. त्या शहाणपणाची आज मला शिसारी येते. सुरुवातीला सगळीकडे असंच असतं, थोडं जुळवून घ्यावं, मीही घेतलं, वगैरे. ममता मान खाली घालून ऐकत होती, तेव्हा मला तिच्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढी केस नसलेली जागा दिसली. मी विचारलं, चाई पडली का गं? उत्तराची वाट न बघता मी तिला मलमाचं नाव लिहून दिलं. त्याच संध्याकाळी जितेंद्रला स्वतः फोन लावला, रविवारी येऊन बायकोला घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि वर कौतुकाने सुचवलं की तिला चाई पडलीय, डॉक्टरला दाखव. आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडून दिल्या, ही एक आणखी जोडली.

शनिवारी, अजून जुन्यांत पुरत्या न रुळलेल्या दोन तलंगांपैकी एक मांजराने नेली. एरवी गिरिजाने उरलेलीला जाळीआडच ठेवलं असतं. पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं, रविवारी सकाळी जावयाच्या चहापाण्याची गडबड, तिने सगळ्यांबरोबर तिलाही दाण्यावर सोडली. दहा मिनिटांत आरडाओरडा झाला. मी पोहोचले तेव्हा गिरिजा दारात बसून तलंगेच्या डोक्यावर हळद दाबत होती. डोक्यामागची पिसं मुळापासून उपटलेली, मध्ये खुंट उभे, कडेला रक्त.  शेजारी पायरीवर ममता न्हाऊन ओले केस मोकळे सोडून पाठमोरी बसली होती. गिरिजाने कोंबडीच्या डोक्याकडे पाहिलं, मग मुलीच्या डोक्याकडे. हळदीची बोटं तशीच तिच्या केसांत घालून तिने ते बाजूला केले आणि बराच वेळ बघत राहिली. 

अकराला जितेंद्र आणि त्याची आई आली. काशीनाथ पाळीवर होता. मी मध्यस्थ, म्हणून मला खुर्ची. सासूबाई गोड बोलत होत्या. सून अंमळ हळवी आहे, जावाजावांत कुरबुरी व्हायच्याच, घर म्हटलं की चालायचंच. बहुतेक वाक्यं माझीच होती. गिरिजाने चहा ठेवला आणि हळू आवाजात विचारलं की हिच्या डोक्याचे केस कोणी उपटले. सासूबाई ममताकडे बघायला लागल्या. जितेंद्र मात्र तयार होता.

"उपटले कुठे? चाई आहे ती," तो म्हणाला. "ह्या मॅडमनीच फोनवर सांगितलं मला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शब्द माझा होता. मी तो फुकट त्यांच्या हातात दिला होता, आणि आता तो परत घ्यायला माझी जीभ उचलत नव्हती. कोंबड्यांची इतकी वर्षं किळस केली, तेवढीच त्या क्षणी मला माझी आली.

गिरिजाने त्या दोघांकडे पाहिलंही नाही. ती माझ्याशी बोलली.

"चाई गुळगुळीत असते, ताई. हितं खुंट हायत, खपली हाय. कोंबड्यांत मी रोज बगते." मग म्हणाली, "रक्त आलेली तलंग त्याच खुराड्यात परत घालत नाय. मारून टाकतात."

जितेंद्र उठून आवाज चढवायला लागला. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं की मी चुकले, ती चाई नाही. एवढंच, आणि तेही उशिरा. सासूबाई मुलाला घेऊन, चाळीला, कोंबड्यांना आणि मला नावं ठेवत रिक्षापर्यंत गेल्या.

गिरिजाने शेगडी बंद केली, न प्यायलेला चहा मोरीत ओतला आणि ममताला हाताला धरून उठवलं. मला आधी कळेना ती काय करतेय. तिने मुलीला सिलिंडरपाशी नेलं. ममता चोवीस वर्षांची, गाऊन घातलेली, केसांना हळद लागलेली. आईमागून मुकाट्याने फिरायला लागली. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला तिचा पाय नळीत अडकला आणि शेगडी पाटावरून सरकली.

मी त्या जमिनीवर खाली बसले, शिटलेल्या सिलिंडरला एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने नळी दाबून ठेवली, म्हणजे तिला तिसरी फेरी नीट घालता येईल.